शिवराईची पारख

आधी पुस्तक घ्या, मग नाणी, असं जाणते सांगतात. म्हणून मी एक परदेशी कॅटलॉग आणला. वजनाला तोरण्याचा चिरा, किमती डॉलरात! शेजारी भोरला मिळालेली शिवराई ठेवली. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. ‘श्री राजा शिव’मधला फक्त ‘राजा’ उरलेला. चित्रातली नाणी मात्र नवरदेवासारखी नटलेली! असलं नाणं वेल्ह्याकडे, राजगडाच्या पायथ्याशी कुणी विकू लागला, तर ते बहुधा परवाच ओतलेलं. शिवराई १६७४च्या राज्याभिषेकापासून १८१८नंतरही चालली. अक्षरांची वळणं नाना तऱ्हेची. तेव्हा दुकानात झिजकी शिवराईच न्यावी. वजनं, वळणं, अर्धवट ठसे दाखवून जे पुस्तक तिला ओळखेल, ते पातळ असलं तरी घ्यावं. आमचा जाडा ग्रंथ? चुरगळलेल्या नोटा छान सपाट करतो!