सारांश नको, टीका हवी



त्र्यंबकेश्वरी बोलायला उभं राहायचं आणि निवृत्तिनाथांचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. त्यांची समाधी इथं आहे. त्यांच्या धाकट्या भावानं, जो त्यांचा शिष्यही होता, शके १२१२ मध्ये गीतेचे ७०० श्लोक सुमारे ९००० ओव्यांत उलगडले. हे दोन आकडे लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

आजचा विषय आहे इंग्रजी वाचायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत. आम्ही तिच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तरीही हरसूलकडच्या पाड्यावरची मुलं पदवीला येतात तेव्हा इंग्रजी पान त्यांना भिंतीसारखं वाटतं. घरी कोकणा बोली, शाळेत मराठी, इंग्रजी तिसरी. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० मध्येच मांडलं, की गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायची तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. इथं एकेका ओळीत तीन-तीन अडतात, बरं का! अशा वेळी रात्री दहा वाजता न रागावता शंका सांगणारं कुणी मोबाइलमध्ये असणं ही लहान गोष्ट नाही.

मग आमची तक्रार काय? एक प्रसंग सांगतो. आमच्या ओळखीची एक विद्यार्थिनी. शिष्यवृत्तीचे नियम इंग्रजीत होते. तिनं फोटो काढून मोबाइलला मराठीत सारांश मागितला. उत्तर आलं, 'शिष्यवृत्ती रोखता येणार नाही.' ती निर्धास्त झाली आणि द्राक्षांच्या हंगामात घरच्यांबरोबर बागेत कामाला गेली. मूळ वाक्यात पुढे 'अनलेस' होतं. हजेरी कमी भरली नसेल तरच रोखता येणार नाही, असा त्याचा अर्थ. सारांशात तेवढा एक शब्द गळला आणि वर्षाची शिष्यवृत्ती अडकली.

आता यात चूक कुणाची? यंत्राची आहेच. पण माणूसही चुकतो, भाषांतरकारही चुकतो. खरी अडचण वेगळी आहे. सारांशाची मराठी इतकी सफाईदार होती की संशय यायला जागाच नव्हती, आणि मूळ पानाकडे तिनं पाहिलंच नव्हतं. जी चूक आपल्याला पकडता येत नाही, तिच्या आपण अधीन असतो. म्हणून स्वतंत्र वाचनाची आमची कसोटी ही, की मदत करणाऱ्याची चूक वाचणाऱ्याला पकडता आली पाहिजे.

कुणी म्हणेल, 'सर, सगळं मुळातून वाचायला वेळ कुठंय?' मान्य. बातमी सारांशानं वाचा, हरकत नाही. पण जिथं आपला हक्क, पैसा किंवा औषध गुंतलंय, तिथं नाही. आणि जे शिकायचं आहे, तिथं तर नाहीच.

मग वापरायचं कसं? आधी परिच्छेद स्वतः वाचा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा. 'याचं भाषांतर दे' असं म्हणू नका. 'या वाक्यात हा शब्द काय काम करतो?' असं विचारा. अर्थ आपल्या मराठीत, नाहीतर आपल्या बोलीत, स्वतः लिहा आणि मग विचारा, 'यात माझं काय सुटलं?' आठवड्यानं तेच पान मोबाइल बाजूला ठेवून वाचा. जुन्या लोकांनी श्रवण, मनन, निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या. श्रवणाला यंत्राची मदत घ्या, पण मनन दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

आता ते आकडे. ७०० चे ९००० झाले, ७० नाही झाले. टीका मूळ श्लोकाला शेजारी ठेवून बोलते, ऐकणाऱ्याला पुन्हा श्लोकाकडे पाठवते. सारांश मूळाच्या जागीच येऊन बसतो. यंत्राकडून दोन्ही मिळतं. काय मागायचं, ते आपल्या हातात आहे.

पुढच्या वेळी प्रत्येकानं एक इंग्रजी पान आणा, रेघा मारलेलं. तिथून पुढे बोलू.