ब्राउझरांची तुलना आणि मराठी अक्षर

वेब ब्राउझरांची तुलना करणारे लेखन सामान्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरते : कोणता ब्राउझर अधिक वेगवान? वाचकाच्या दृष्टीने हा प्रश्न योग्य असेल. परंतु जो स्वतः संकेतस्थळ रचतो त्याच्या दृष्टीने तो गौण आहे. रचनाकाराला ब्राउझर हवा असतो तो परीक्षक म्हणून. आपल्या रचनेतील दोष जो लवकर आणि कारणासह दाखवितो, तो ब्राउझर त्याला अधिक उपयुक्त होय. हा निकष स्वीकारला म्हणजे दुसरा प्रश्न ओघानेच येतो : दोष कोणत्या भाषेतील मजकुराचा? इंग्रजी मजकुरावर निर्दोष ठरलेले पान मराठी मजकुरावरही निर्दोष ठरेलच असे नाही. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करावयाचा आहे.

प्रथम एका ऐतिहासिक गोष्टीचे स्मरण अवश्य आहे. १९९७ च्या सुमारास इंटरनेट एक्सप्लोररने पानाबरोबर फॉन्ट पाठविण्याची एक पद्धती आणली, तर नेटस्केपने दुसरी. या दोन्ही पद्धती परस्परांस परक्या होत्या. त्या काळी अनेक मराठी वृत्तपत्रांनी आपली पाने स्वतंत्र, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये रचली. अशा पानावरील मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नव्हताच. ती रोमन चिन्हांची एक मालिका होती आणि विशिष्ट फॉन्टच्या मुखवट्यामुळे ती देवनागरी भासे. मुखवटा गळला की अर्थहीन चिन्हे तेवढी उरत. पुढे ब्राउझर बदलले आणि १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचा आधार काढून घेतला. पण त्या पद्धतीने लिहिलेला मजकूर त्याआधीच कित्येक वर्षे वाचनाबाहेर आणि शोधाबाहेर गेला होता. एका ब्राउझरवर विसंबून राहण्याची किंमत मराठी वाचकाने अशी मोजलेली आहे.

आज परिस्थिती पालटली आहे असे वरवर पाहता वाटते. ब्राउझरांची नावे पुष्कळ. परंतु पान रेखाटणारी प्रमुख इंजिने तीनच : ब्लिंक, गेको आणि वेबकिट. गूगलने २०१३ मध्ये वेबकिटपासून ब्लिंक वेगळे काढले. क्रोम, ऑपेरा, ब्रेव्ह आणि २०२० पासून एज हे सारे त्यावर चालतात. गेको हे फायरफॉक्सचे, तर वेबकिट हे सफारीचे इंजिन. म्हणून क्रोम आणि एज यांत पान तपासून ‘दोन ब्राउझरांत पाहिले’ असे म्हणणे म्हणजे एकाच परीक्षकाकडून दोन सह्या घेण्यासारखे आहे.

आता साधनांकडे वळू. क्रोमची रचनासाधने समृद्ध आहेत, यात संशय नाही. पान कोठे रेंगाळते याचे विश्लेषण, लाइटहाउसचा अहवाल, केबलने जोडलेल्या अँड्रॉइड फोनमधील पानाची प्रत्यक्ष तपासणी, या बाबतींत त्याची योग्यता मान्य करावी लागते. परंतु त्यातील फोनच्या नकलेविषयी एक गैरसमज रूढ आहे. क्रोममध्ये आयफोनचे नाव निवडले म्हणजे पडद्याचे माप आणि ओळख तेवढी बदलते. इंजिन ब्लिंकच राहते. तेथे जे दिसते ती सफारी नव्हे.

फायरफॉक्सचा विशेष निराळा आहे. एखादा शैलीनियम लिहूनही लागू होत नसेल, तर तो का लागू होत नाही हे त्याचा निरीक्षक २०१९ पासून सांगत आला आहे. दोषाबरोबर कारण देणे हे चांगल्या समीक्षकाचे लक्षण. क्रोमनेही पुढे हा मार्ग स्वीकारला. तसेच एखाद्या परिच्छेदासाठी प्रत्यक्षात कोणता फॉन्ट वापरला गेला, हे फायरफॉक्स पानावरील त्या त्या अक्षरांना अधोरेखित करून दाखवितो. क्रोम तीच माहिती फॉन्टचे नाव व चिन्हसंख्या यांच्या रूपाने देतो. मराठी रचनाकाराला हे साधन अमोल आहे. कारण निवडलेल्या फॉन्टमध्ये एखादे अक्षर नसले, तर ब्राउझर मुकाट्याने दुसऱ्या फॉन्टमधून ते उसने घेतो आणि शब्दाच्या मध्येच वळण बदलते. १९९७ च्या युनिकोडमध्ये नसलेला आणि २००८ मध्ये दाखल झालेला ‘ॲ’ हे याचे नेहमीचे उदाहरण.

सफारीची गोष्ट सर्वांत अवघड. क्रोम आणि फायरफॉक्स हे दोघेही देवनागरीची जोडणी हार्फबझ या एकाच साधनाकडून करून घेतात. सफारी ती ॲपलच्या स्वतःच्या साधनाकडे सोपविते. म्हणजे जोडाक्षरांच्या बाबतीत खरा भिन्न परीक्षक सफारीच होय. परंतु तिची तपासणी करण्यास मॅक संगणक लागतो. लिनक्सवर वेबकिटचा ब्राउझर विनामूल्य मिळतो खरा. पण तेथेही अक्षरजोडणी हार्फबझच करते. पानाच्या मांडणीची परीक्षा त्याने होते, मराठी अक्षराची होत नाही.

अक्षराची परीक्षा म्हणजे नेमके काय, हे काही उदाहरणांनी स्पष्ट होईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल जागा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. त्यांपैकी एका प्रकारात एक अदृश्य जोडचिन्ह असते. मजकूर साफ करणाऱ्या आज्ञावलीने ते निरुपयोगी समजून काढले की दऱ्यांचा दर्या होतो आणि कोणतेही साधन चूक दाखवीत नाही. दुसरे उदाहरण ‘क्षेत्र’ या शब्दाचे. शाळकरी मूल यात दोन अक्षरे मोजते. जावास्क्रिप्टची साधी लांबी सात भरते. अक्षरगट मोजण्याच्या जुन्या नियमाने चार तुकडे पडत. युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ या आवृत्तीच्या नियमाने ते दोन होतात. असे गट पाडणारे साधन क्रोममध्ये २०२० साली, सफारीत २०२१ साली आणि फायरफॉक्समध्ये २०२४ साली आले. ज्या अर्जात नावासाठी अक्षरमर्यादा असते, तेथे हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. तिसरे, ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे. शासनाच्या २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मान्य केलेले आहेत. फॉन्टमध्ये ही वळणे असली, तरी पानाची भाषा मराठी आहे हे रचनाकाराने नोंदविल्याशिवाय ब्राउझर ती निवडणार कशी? येथे दोष ब्राउझरचा नसून रचनाकाराच्या आळसाचा आहे.

ताथवडे आणि त्याच्या आसपास अभियांत्रिकी व व्यवस्थापनाची अनेक महाविद्यालये आहेत. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान हाकेच्या अंतरावर आहे आणि भोसरी-चाकणचा कारखानदारी पट्टा फार दूर नाही. येथे शिकणारा विद्यार्थी उद्या कारखान्याच्या हजेरीचे, सोसायटीच्या देयकाचे किंवा नगरपालिकेच्या अर्जाचे पान रचील. ते भरणारा मनुष्य बहुधा मराठीत वाचतो आणि बहुधा फोनवर वाचतो. त्याचे नाव अर्धवट छापले गेले, तर त्याला ब्लिंक आणि गेको यांतील भेद ठाऊक असण्याचे कारण नाही. तो स्वतःलाच अडाणी समजून गप्प बसतो. तुलनेचे खरे प्रयोजन येथे आहे.

एकच श्रेष्ठ ब्राउझर निवडण्याचा आग्रह म्हणूनच निरर्थक ठरतो. नित्याच्या कामास क्रोम, कारणमीमांसेस आणि फॉन्टच्या तपासणीस फायरफॉक्स, आणि काम पूर्ण झाले असे म्हणण्यापूर्वी उसन्या घेतलेल्या का होईना, प्रत्यक्ष आयफोनवर एक दृष्टिक्षेप, असा क्रम अल्प साधनांच्या विद्यार्थ्यासही पाळता येईल. प्रत्येक विभागाने ‘दऱ्या’, ‘क्षेत्र’, ‘ॲ’, ‘ल’ आणि ‘श’ यांचे एक परीक्षापान तयार करून ठेवावे, आणि प्रकल्प स्वीकारण्यापूर्वी त्यातील मजकूर त्या प्रकल्पाच्या अर्जात भरून तिन्ही इंजिनांत पाहावा. त्यास एक तासाहून अधिक वेळ लागणार नाही.