घरभाडें आणि इंग्रजी उपनगरांचें वाङ्मय

इंग्रजी वाङ्मयांत उपनगर हा शब्द बहुधा नाक मुरडूनच उच्चारला जातो. एकाच साच्यांतून काढलेलीं जोडघरें, पुढें तळहाताएवढी बाग, खिडक्यांना जाळीचे पडदे, सकाळच्या ठराविक गाडीनें शहरांत जाणारा आणि सायंकाळच्या ठराविक गाडीनें परतणारा कारकून, हें चित्र ज्यांनीं थोडेंबहुत इंग्रजी वाचलें आहे त्यांच्या परिचयाचें असेल. क्रॉसलंड नामक लेखकानें तर १९०५ सालीं ह्या रहिवाशांच्या निर्भर्त्सनेसाठीं एक संबंध पुस्तकच खर्ची घातलें. ह्या टीकेंत एक गोष्ट आम्हांस नेहमीं खटकत आली आहे. टीकाकार पडद्यांचें कापड पाहतो, बागेंतील फुलांची जात पाहतो; पण ह्या घराचें भाडें किंवा हप्ता किती आणि तो कोण कसा भरतो, ही चौकशी तो करीत नाहीं. माणसें ह्या घरांत राहतात तीं अरसिक आहेत म्हणून नव्हे, तर तें घर त्यांना परवडतें म्हणून. ही साधी गोष्ट ज्यानें ध्यानांत ठेवली त्याचेंच ह्या विषयावरील लिखाण सरस उतरलें असें आमचें मत आहे, आणि त्या दृष्टीनें कांहीं प्रसिद्ध पुस्तकें येथें तपासून पाहावयाचीं आहेत.

आरंभ अर्थातच ‘द डायरी ऑफ अ नोबडी’पासून केला पाहिजे. जॉर्ज व वीडन ग्रोस्मिथ ह्या बंधूंची ही काल्पनिक रोजनिशी ‘पंच’ ह्या विनोदी साप्ताहिकांत १८८८-८९ च्या सुमारास येऊं लागली आणि १८९२ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तिचा नायक चार्ल्स पूटर हा लंडनच्या व्यापारी पेठेंतील कारकून. तो हॉलोवे ह्या तेव्हांच्या उपनगरांत सहा खोल्यांच्या घरांत नुकताच राहावयास आला आहे. लाल रंगाचा डबा हातीं लागतांच तो घरांत दिसेल ती वस्तु रंगवितो, शेवटीं स्नानाचें टबही सोडीत नाहीं, आणि मग गरम पाण्यांत रंग सुटून त्याची जी फजिती होते ती वाचून हंसूं न आलेला मनुष्य विरळा. परंतु ह्या पुस्तकाच्या अगदीं पहिल्या पानांवर एक बारीकसा उल्लेख आहे. घरामागची बाग थेट रेल्वेला जाऊन भिडते, आणि गाड्यांच्या खडखडाटाबद्दल घरमालकानें भाड्यांत दोन पौंडांची सूट दिली आहे. ह्या दोन पौंडांत सगळें पुस्तक सांठविलें आहे असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण पूटरचा ताठा, त्याची काटकसर, पाहुण्यांपुढें अब्रू राखण्याची त्याची धडपड, ह्या सर्वांची किल्ली तेथेंच आहे. शांतता विकून त्यानें दोन पौंड मिळविले आहेत, आणि हा व्यवहार बरोबर झाला अशी तो स्वतःची समजूत घालीत असतो. कथेच्या शेवटीं त्याचा मालक तेंच घर विकत घेऊन त्याला देऊन टाकतो. ज्याला महिनाअखेरची धास्ती ठाऊक नाहीं त्याला हा शेवट भाबडा वाटेल; आम्हांस तो विनोदी पुस्तकांतील एक हृद्य प्रसंग वाटतो.

पूटरला घर भाड्यानें घ्यावें लागलें. त्याच्या नातवाच्या पिढीला तें हप्त्यानें विकत मिळूं लागलें. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंड व वेल्समध्यें सुमारें ४० लक्ष नवीं घरें उठलीं. शेतीची मंदी आलेली असल्यामुळें जमीन स्वस्त, १९३० नंतर व्याजाचे दर उतरलेले, आणि विजेच्या गाड्या दूरवर पोंचलेल्या. मेट्रोपॉलिटन रेल्वेनें तर आपल्या लोहमार्गालगतच्या प्रदेशाला ‘मेट्रोलँड’ असें गोंडस नांव देऊन १९१५ पासून त्याच नांवाची पुस्तिका वर्षानुवर्षें काढली: घर विका, म्हणजे त्याबरोबर जन्माचें गिऱ्हाईक मिळतें, हा हिशेब. कवि जॉन बेट्जेमन ह्यानें १९३७ सालीं स्लाव गांवावर बाँब पडावेत अशी इच्छा करणारी कविता प्रसिद्ध केली, आणि १९७३ सालीं त्यानेंच बीबीसीसाठीं मेट्रोलँडवर एक मायेनें भरलेला चित्रपट केला. मधल्या काळांत खरोखरचे बाँब पडून गेले होते. वास्तुकलेवरील मासिकाचा संपादक जे. एम. रिचर्ड्स ह्यानें १९४६ सालीं ‘द कासल्स ऑन द ग्राउंड’ ह्या पुस्तकांत उपनगराची बाजू घेतली, तें धाडसाचेंच काम होतें. तथापि त्याचीही दृष्टि झाडें, कुंपणें आणि वळणाचे रस्ते ह्यांवरच अधिक रमते.

हप्त्याचें वाङ्मय लिहिलें तें जॉर्ज ऑरवेलनें. ‘कमिंग अप फॉर एअर’ ही त्याची कादंबरी १९३९ सालची. विम्याचा धंदा करणारा पंचेचाळीस वर्षांचा जॉर्ज बोलिंग एलस्मिअर रोडवरील आपल्या घराबद्दल व शेजाऱ्यांबद्दल बोलूं लागतो तेव्हां ऑरवेलच्या लेखणीला विलक्षण धार चढते. हे सर्व गृहस्थ स्वतःला घरधनी समजतात. वस्तुतः घर कर्ज देणाऱ्या सोसायटीचें असतें, आणि तें हातचें जाईल ह्या भीतीनेंच ते आज्ञाधारक राहतात, हें त्यानें दाखविलें आहे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत हें इतक्या थोडक्यांत क्वचितच सांपडेल. परंतु आमचा आक्षेप पुढेंच आहे. बोलिंगची बायको हिल्डा दिवसभर लोणी महागलें, गॅसचें बिल वाढलें, मुलांचे बूट फाटले, शाळेची फी द्यावयाची राहिली, हेंच बोलत असते, आणि तें नवऱ्याला व लेखकाला सारखेंच कंटाळवाणें वाटतें. नवरा घोड्यांच्या शर्यतींत जिंकलेले सतरा पौंड बायकोपासून लपवितो आणि बाळपणींचें गांव शोधावयास निघतो; त्याच्या ह्या प्रवासावर कादंबरीची सगळी सहानुभूति खर्च होते. परंतु तो हप्ता महिन्याच्या महिन्याला भरला जातो तो हिल्डाच्या त्या कंटाळवाण्या चिंतेमुळेंच ना? भीति कोठून येते हें ऑरवेलला कळलें. ती घरांत कोण वाहतें हें त्याच्या नजरेंतून सुटलें.

ह्याच सुमारास एका खऱ्या गृहिणीनें इंग्लंडांतील न्यायाधीशांना दांतांखालीं बोटें घालावयास लाविलें होतें, म्हणून हा आक्षेप आम्हांस अधिकच सयुक्तिक वाटतो. लंडनच्या दक्षिणेस वेस्ट विकहॅमजवळच्या नव्या वसाहतींत एल्सी बॉर्डर्स ही एका टॅक्सीवाल्याची बायको राहत असे. घराचें काम निकृष्ट निघालें, ओल आली, तेव्हां तिनें १९३७ सालीं हप्ता देणें बंद केलें. सोसायटी कोर्टांत गेली. बाईंनीं कायदा वाचून स्वतःची बाजू स्वतःच मांडली. अखेर १९४१ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्समध्यें त्यांचा दावा फेटाळला गेला. पण तोंपर्यंत सोसायट्या आणि घरबांधणी करणारे कंत्राटदार ह्यांचें साटेंलोटें चव्हाट्यावर आलें होतें, आणि १९३९ सालीं पार्लमेंटला त्याबाबत कायदा करावा लागला. ऑरवेलच्या कादंबरीचें हें साल, हें लक्षांत घ्यावें.

ज्यांना हप्ताही झेपत नव्हता त्यांच्यासाठीं लंडन कौंटी कौन्सिलनें १९२१ पासून पूर्वेस बेकनट्री येथें सुमारें २६,००० भाड्याचीं घरें बांधलीं. गलिच्छ वस्त्यांतून आलेल्या बायांना घरांतल्या घरांत नळ आणि स्नानगृह मिळालें. त्याबरोबर खिडक्या धुवाव्या, पुढील बाग नीट राखावी, असे नियमही मिळाले. अशाच एका वसाहतीचा अभ्यास मायकेल यंग व पीटर विलमट ह्यांच्या ‘फॅमिली अँड किनशिप इन ईस्ट लंडन’ (१९५७) ह्या ग्रंथांत आहे. समाजशास्त्राचा ग्रंथ कादंबरीसारखा वाचवतो ह्याचें हें दुर्मिळ उदाहरण होय. बेथनल ग्रीनमध्यें लग्न झालेली मुलगी आईच्या हांकेवर राहत असे. बाळंतपण, आजारपण, उसनवारी सगळें आईकडून निभे. एसेक्समधील नव्या वसाहतींत ती गेली तेव्हां घर मोठें झालें, हवा चांगली मिळाली, भाडें मात्र वाढलें, आणि आई बसच्या भाड्यापलीकडे गेली. लेखकद्वयानें जुन्या वस्तीचें चित्र जरा गोड रंगविलें असा आरोप पुढें झाला, आणि तो आम्हांस सर्वस्वी अमान्य नाहीं. अंगणांतल्या सामाईक शौचकूपाची आठवण मुलाखतीपेक्षां नाकाला अधिक काळ राहते. तरी स्वस्त घराची खरी किंमत भाड्याच्या पावतीवर लिहिलेली नसते, हें ह्या ग्रंथाइतकें स्पष्टपणें कोणीं मांडलेलें नाहीं.

शेवटचें पुस्तक मराठी वाचकास सर्वांत जवळचें वाटावें, कारण त्याचा मुख्य पुरुष मुंबईचा आहे. हनीफ कुरेशी ह्यांच्या ‘द बुद्धा ऑफ सबर्बिया’ (१९९०) ह्या कादंबरींतील हरून मुंबईच्या सुखवस्तु मुसलमान कुटुंबांतून येऊन दक्षिण लंडनच्या उपनगरांत सरकारी कारकून झालेला आहे. १९७० नंतरच्या दशकांत तोच शेजारच्या गोऱ्या मंडळींना योग आणि तत्त्वज्ञान शिकवूं लागतो, आणि ज्यांनीं त्याला आजवर दारांतही ओळख दिली नव्हती ते त्याच्या पायांशीं बसतात. उपहास येथेंही आहे, पण पूटरच्या रोजनिशींतल्यासारखा तो आंतून आलेला आहे. कुरेशी स्वतः ब्रॉमलीचे. रस्त्यावर होणारा अपमान आणि बैठकींत होणारा सन्मान हीं एकाच गल्लींत कशीं नांदतात हें त्यांनीं फार मार्मिकपणें दाखविलें आहे. हरूनचा मुलगा करीम कथा सांगतो. त्याची आई मार्गारेट इंग्रज आहे. ती संसार सांभाळते आणि कोणास न सांगतां वहींत चित्रें काढीत असते. हरून दुसऱ्या स्त्रीकडे जातो, घर मोडतें, मार्गारेट बहिणीच्या घरीं राहावयास जाते. कादंबरी मात्र बापाच्या आणि मुलाच्या मागोमाग लंडन शहरांत निघून जाते. मार्गारेटच्या त्या वहीकडे ती पुन्हा फारशी वळत नाहीं.