अश्रूंना मज्जाव नसलेले पुस्तक

नोव्हेंबरच्या 2 तारखेला, मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून परतणाऱ्या कुटुंबांना आम्ही एक जुने पुस्तक पुन्हा वाचावयास सुचवितो. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. लेखिका प्रॉटेस्टंट पंथाच्या. परंतु दुःखाला पंथ नसतो.

पुस्तकाच्या आरंभी लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या आघातानंतर त्यांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुतले जाई! मृत्यूच्या भयाने माणूस जगण्यालाच कसा विटाळ मानू लागतो, याचे हे चित्र लेखिकेने हसतहसत, पण वडिलांविषयी कडवटपणा न ठेवता रेखाटले आहे.

पुढे वियोगांची मालिकाच आहे. 1895 साली पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. 1900 साली लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. त्यांनी मुलासारखा सांभाळलेला कवी म्हणजे बालकवी ठोंबरे. आमच्या चिंचपाड्यावरून जाणारा सुरतेचा लोहमार्ग जळगावास मिळतो. तेथून पुढे भादली स्थानकाजवळ 5 मे 1918 रोजी बालकवी गाडीखाली सापडून गेले. वर्ष उलटते न उलटते तोच, 9 मे 1919 रोजी, टिळकही निवर्तले.

या पुस्तकात भक्तिपर विवेचन फार थोडे आहे, अशी तक्रार सेमिनरीतल्या दिवसांत आम्हीही केली होती. आज ती आम्हांस उथळ वाटते. लक्ष्मीबाई दुःखावर उपदेशाचे पांघरूण घालीत नाहीत. रडू आले तेथे त्या रडतात आणि त्याच पानावर स्वतःच्या फजितीला हसतात. क्वचित हे हसू घाईने येते, वाचकाला आणखी थोडे थांबावेसे वाटते. एवढा दोष आम्ही मान्य करतो. तरीही ते हसू दुःखापासूनची पळवाट नाही. देवाने दिलेला उरलेला दिवस नाकारावयाचा नाही, हा त्यामागचा निश्चय आहे.

येथे आमच्याच एका सवयीची आम्हांस लाज वाटते. अंत्यविधीच्या वेळी रडणाऱ्या आईला 'रडू नका, देवाची इच्छा' असे आम्ही कितीदा तरी सांगितले आहे. पुनरुत्थानावर श्रद्धा असणाऱ्याने रडू नये, असे शुभवर्तमान कोठे म्हणते? लाझरसला उठवावयास निघालेला प्रभू त्याच्या कबरीकडे जाताना स्वतः रडला. अश्रू अडविल्याने श्रद्धा बळावत नाही. माणूस मात्र एकाकी पडतो.

टिळकांच्या मृत्यूने 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. 1936 साली त्यांनाही मृत्यूने गाठले. गेलेल्या माणसाचे अपुरे काम आपल्या हातांनी पुढे नेणे हीदेखील मृतांसाठी केलेली प्रार्थनाच होय, असे आम्हांस वाटते. आपल्या घरातून गेलेल्या माणसाचे कोणते काम अपुरे राहिले आहे, हे वाचकांनी या नोव्हेंबरात एकदा आठवून पाहावे.