तेरचं त्रिविक्रम मंदिर आणि ‘सहिष्णुता’ हा शब्द
तेरचं त्रिविक्रम मंदिर आपण समोरून पाहतो. जरा मागं जाऊन बघा: भिंत अर्धगोल, छत गजपृष्ठाकार, बांधकाम विटांचं. हेन्री कझिन्स यांनी हे मूळचं बौद्ध चैत्यगृह मानलं. आज आत विष्णूची त्रिविक्रम मूर्ती आहे. एवढ्यावर आपण स्थानिक इतिहास लिहिणारे ‘सहिष्णुता’ लिहून मोकळे होतो. आम्हाला ते पटत नाही. भिक्खू गेल्यावर वास्तू दुसऱ्यांनी वापरली असेल, तर सहन करायचं कुणाला? सहिष्णुता म्हणायला दोन्हीकडची माणसं तिथं नांदत असावी लागतात. तशी ती धाराशिवात, हजरत ख्वाजा शमशुद्दीन गाजींच्या उरुसात दिसतात. तिथं हिंदूही येतात, अन् त्या गर्दीबद्दल आपण लिहितो जेमतेम एक ओळ.