व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे

‘शब्दाच्या मुळाशी जा, खरा अर्थ तिथे सापडेल’, असे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. भाषेच्या तासाला या सल्ल्याने गोडी येते. विज्ञानाच्या तासाला मात्र तो फसवा ठरू शकतो, असे आम्हांला वाटते. इंग्रजीतील ‘डिअर’ या जुन्या शब्दाच्या आधारे हे तपासून पाहू.

आज ‘डिअर’ म्हणजे हरीण; चितळ-सांबरांच्या कुळातले. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मात्र ‘देओर’ म्हणजे कोणताही रानटी प्राणी. ‘विल्डरनेस’ या शब्दात तो अर्थ अजून दडलेला आहे. जर्मन भाषेतील त्याचा भाऊबंद ‘टीअर’ आजही ‘प्राणी’ याच अर्थाने वापरला जातो. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये (सुमारे १६०६) उंदरांसारख्या लहान प्राण्यांनाही ‘डिअर’ म्हटलेले आढळते. १०६६ मध्ये इंग्लंडवर नॉर्मन सत्ता आली. त्यानंतर फ्रेंचमधून ‘बीस्ट’ आणि पुढे लॅटिनमधून ‘अ‍ॅनिमल’ हे शब्द आले. व्यापक अर्थ त्यांच्याकडे गेला. ‘डिअर’कडे शिकारीतले मानाचे सावज तेवढे उरले.

आपल्या ‘मृग’ शब्दाचेही असेच झाले. ऋग्वेदात हत्तीलाही मृग म्हटले आहे. सिंहाला मृगेंद्र आणि माकडाला शाखामृग म्हणतात, ते त्याच जुन्या अर्थाने.

आणखी मागे गेले, तर भाषाशास्त्रज्ञ ‘डिअर’चे मूळ श्वासाच्या कल्पनेशी जोडतात. ‘अ‍ॅनिमल’ आणि आपला ‘प्राणी’ हे शब्दही श्वासावरूनच आले. हे साम्य मोहक आहे, आणि घोटाळा इथेच होतो. ‘श्वास घेतो तो प्राणी’ असे फळ्यावर लिहिले, की वनस्पती श्वसन करीत नाहीत असा समज मुलांच्या मनात रुजतो. वनस्पती तर अहोरात्र श्वसन करतात! उलट, सामन माशाच्या स्नायूंत राहणाऱ्या, जेलीफिशच्या दूरच्या नात्यातल्या एका सूक्ष्म परजीवी प्राण्याने ऑक्सिजनवर चालणारे श्वसन सोडून दिले आहे, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्याच्या मायटोकॉन्ड्रियांचा जनुकसंचच नाहीसा झाला आहे. तरीही तो प्राणीच आहे.

जुन्या माणसांना जे दिसले, त्यावरून त्यांनी नावे ठेवली. ती कथा वर्गात जरूर सांगावी. पण नंतर विचारावे : या अर्थात न बसणारा प्राणी कोणता? आणि बसणारी, पण प्राणी नसलेली वस्तू कोणती? व्याख्यान देताना हा प्रश्न विचारायचे आम्हीही अनेकदा विसरलो आहोत.