धार मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: ‘ग्रामीण वापरासाठी उच्च कार्यक्षमतेचं पातं विकसित करणे.’ वाक्य भारदस्त होतं. आरएसीच्या बैठकीत त्यावर कुणी काही बोललं नाही. बोलले ते काही महिन्यांनी एक काका, कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढच्या एका ठाकूरवाडीत. मी दाखवायला नेलेलं सरळ पात्याचं हत्यार त्यांनी हातात तोललं, अंगठा आडवा फिरवून धार बघितली, ऐनाची एक फांदी तिरक्या घावात उडवली आणि म्हणाले, “बरा हाय. पन ह्याला धार कुठं लावू?”

आजची पोस्ट या प्रश्नाबद्दल आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा प्रस्ताव लिहायला बसला असाल, तर धातुशास्त्राशी तुमचा संबंध असो वा नसो, शेवटपर्यंत वाचा. माझी चूक कुठल्याही विषयात करता येते.

दोन कसोट्या

पात्याची धार किती टिकते, हे मोजायची जगभर वापरली जाणारी प्रयोगशाळेतली पद्धत म्हणजे आयएसओ ८४४२-५ हे २००४ सालचं मानक. यंत्रात पातं धार वर करून बसवतात. त्यावर ५० न्यूटन भाराने खास कागदाचा गठ्ठा दाबला जातो आणि पातं ४० मिलिमीटरच्या टप्प्यात मागे-पुढे सरकतं. त्या कागदात सुमारे ५ टक्के सिलिका, म्हणजे बारीक वाळूच, मिसळलेली असते. अशा ६० फेऱ्यांत एकूण किती मिलिमीटर कागद कापला गेला, हा तुमचा आकडा. यात माणसाचा हात नाही. आज केलेली चाचणी उद्या पुन्हा करा, जवळपास तेच उत्तर येईल. या गुणाला संशोधनात विश्वसनीयता म्हणतात.

दुसरी कसोटी अमेरिकेतली: चाकूने कापण्याच्या स्पर्धा. पातं जास्तीत जास्त १० इंच लांब, २ इंच रुंद, मुठीसकट एकूण १५ इंच. एकाच चाकूने जाड लाकूड तोडायचं, अधांतरी लटकणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात कापायचा, पाण्याच्या बाटल्या, सरबताच्या नळ्या आणि टेनिसचे चेंडूही कापायचे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ साली स्थापन झालेली लोहारांची संस्था आपल्या सभासदांची परीक्षाही याच धर्तीवर घेते: आधी दोर, मग लाकूड, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस उतरवून दाखवायचे, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचं.

या परीक्षेचा क्रम पाहा. केस आधी उतरवायला सांगितले असते तर ती फक्त सुरुवातीच्या धारेची चाचणी झाली असती. लाकडानंतर सांगितल्यामुळे ‘मार खाल्ल्यावर किती धार उरली’ हे कळतं. यंत्र नाही, आकडा नाही, तरी मांडणी हुशार आहे. नळीला पातळ, नाजूक धार लागते आणि लाकडाला जाड, दणकट. दोन्ही एकाच पात्यात मागितलं की लोहाराला तडजोड करावीच लागते, आणि खरी रचना सुरू होते ती तिथेच.

स्पर्धेचा दोष मात्र उघड आहे. जिंकलं कोण, पातं की हात? घाव कोणत्या कोनात, किती वेगाने बसला यावर निकाल फिरतो. एकात दोन गोष्टी मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या काढायची सोय नाही. तुमच्या व्हायव्हात परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतील.

मी काय केलं

मी अर्थातच आकड्याकडे पळाले. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला दशांश चिन्ह दिसलं की सुरक्षित वाटतं. कागदाच्या चाचणीत कोणतं पोलाद वर येतं ते वाचलं आणि त्यातून पोलाद निवडलं. पावडरपासून बनवलेलं, ४ टक्के व्हॅनेडियम असलेलं एम-४ टूल स्टील. स्पर्धेतल्या चाकूंमध्येही ते लोकप्रिय आहे, म्हणजे दोन्ही कसोट्यांचं मत एकच. आणखी काय हवं?

आता कारण समजून घ्या, कारण गोम त्यातच आहे. कागदातल्या सिलिकाची कठिणता विकर्स मापात साधारण ११००. कडक करून पाणी दिलेल्या साध्या पोलादाची सहाशे-सातशेच्या घरात. म्हणजे वाळू पोलादाला खरवडते. पण व्हॅनेडियम कार्बाइडचे कण २६००-२८००च्या आसपास असतात. ते वाळूला दाद देत नाहीत, धार टिकते, आकडा वाढतो. थोडक्यात, ही चाचणी मुख्यतः घासून होणारी झीज मोजते.

कर्जतच्या रानात धार अशी जाते का? राबासाठी माणूस झाडावर चढून फांद्या तोडतो. त्या वाळवून भाताच्या रोपांच्या जागेवर उन्हाळ्यात भाजल्या जातात. या कामात पातं गाठीवर आपटतं, घाव तिरका बसला की धार एका बाजूला वळते, बुंध्याशी तोडताना खालचा दगड लागला की खांडा पडतो. धारेला मारणारी गोष्ट झीज नाही, आघात आहे. कागदाचं यंत्र आघात मोजतच नाही. मी मोजलेली गोष्ट अचूक होती, पण ती माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हती. विश्वसनीयता होती, वैधता नव्हती. हे दोन शब्द पेटसाठी पाठ करताना आपण त्यांना जुळी भावंडं समजतो. ती तशी नाहीत.

आणि धार कुठं लावू? हा प्रश्न त्याहून खोल होता. घराघरात धार लावायला कुरुंदाचा दगड असतो. कुरुंदाची कठिणता साधारण २०००. भोवतालचा काळा कातळ तर वाळूपेक्षाही मऊ. म्हणजे जे कार्बाइड प्रयोगशाळेत वाळूला पुरून उरलं, तेच घरच्या दगडालाही पुरून उरणार. मूळ पोलाद घासलं जाईल, कण तसेच राहतील. नीट धार लावायची तर हिऱ्याची पट्टी हवी. ज्या गुणामुळे आकडा वाढला, त्याच गुणामुळे हत्यार वाडीत निरुपयोगी ठरत होतं. काकांना व्हॅनेडियम माहीत असण्याची गरज नव्हती. अंगठा फिरवून आणि कानस लावून बघून त्यांना जे कळलं ते माझ्या प्रस्तावात कुठेच नव्हतं.

कोयत्याकडे पुन्हा पाहताना

मग मी त्यांचा कोयता नीट पाहिला. टोक आत वळलेलं. त्यामुळे फांदी निसटत नाही, ओढून घेता येते, आणि जमिनीलगत तोडताना दगडाशी आधी टोक भिडतं, धार नाही. वजन पुढच्या बाजूला, पण एवढंच की एका हाताने झाडाला धरून दुसऱ्या हाताने घाव घालता यावा. चढताना तो कमरेच्या आकडीत अडकवला की दोन्ही हात मोकळे. स्पर्धक सपाट जमिनीवर, दोन्ही पाय रोवून उभा असतो. फांदीवर एक पाय टेकवून तोडणाऱ्याची गणितं वेगळी.

कोयत्याचं पोलाद बहुतेकदा जुन्या गाडीच्या कमानपाट्याचं. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, सोबत सिलिकॉन किंवा क्रोमियम. गंमत म्हणजे शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीला, मिश्रपोलादाचे कारखाने आहेत, आणि त्याच तालुक्यातून बोरघाट चढणाऱ्या ट्रकांचे मोडके पाटे भंगारात जातात. म्हणजे लोहाराच्या भट्टीपर्यंत पोहोचणारं पोलाद काही हलकं नसतं. ते आघात सोसायलाच बनवलेलं असतं.

इथे थांबा, कारण पुढचा खड्डा आणखी मोहक आहे. ‘बघा, आपल्या परंपरेत सगळं होतंच’ असं लिहून टाळ्या घेता येतात. ते माझ्या सिनॉप्सिसइतकंच आळशी वाक्य आहे. वाडीत मला खांडे पडलेले कोयते दिसले तसे धार वळलेलेही दिसले. एक ठिसूळ, एक मऊ. कारण भट्टीतलं तापमान लोहार रंगावरून ओळखतो, आणि तोच रंग भर उन्हात वेगळा दिसतो, सावलीत वेगळा. शिवाय भंगारातला पाटा नेमका कोणत्या जातीचा, हे कुणालाच माहीत नसतं. अडचण पोलादात नाही, पाणी देण्यात आहे. आणि एका काकांचं मत हा पुरावा नव्हे. तो प्रश्न आहे, फक्त माझ्या प्रश्नापेक्षा चांगला.

आता तुमच्याकडे येऊया

यंत्राचा दोष होता का? नाही. त्या मानकाच्या शीर्षकातच लिहिलेलं आहे की ते अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंसाठी, स्वयंपाकाच्या आणि जेवणाच्या सुऱ्यांसाठी आहे. मी ते दुसऱ्यांच्या पेपरमधल्या संदर्भावरून उचललं, मूळ शीर्षक नंतर वाचलं. तुम्ही हे करू नका. कोणतंही मापन उसनं घेताना ते कुणी, कशासाठी बनवलं होतं हे आधी बघा.

‘कार्यक्षम’, ‘परिणामकारक’, ‘गुणवत्ता’ असे शब्द प्रस्तावात आले की त्यांच्यापुढे तीन प्रश्न लिहा. कोणत्या कामासाठी? ते काम करताना गोष्ट बिघडते कशी? आणि बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, कशाने? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय यंत्र निवडू नका. तिसरा प्रश्न बहुतेक पेपरांमध्ये नसतोच, म्हणून तो विचारायला जास्त कष्ट पडतात.

माझा विषय आता बदलला आहे. नवं पोलाद नाही. कमानपाट्याचंच पातं, पण ठरलेल्या तापमानाला पाणी दिलेलं, धारेच्या मागची जाडी बदलत नेलेलं, आणि मोजायचं ते आघातानंतर: किती खांडे, किती वळण, आणि कुरुंदावर पुन्हा धार यायला किती मिनिटं. आघात प्रत्येक वेळी सारखा बसावा म्हणून लोलकासारखा झुलता दांडा बनवायला घेतलाय. स्पर्धेतून क्रमाची कल्पना घेतली, यंत्रातून हात बाजूला ठेवण्याची. सिनॉप्सिसमधून ‘उच्च कार्यक्षमता’ हे शब्द काढून टाकले. वाक्य आता तेवढं भारदस्त राहिलेलं नाही, पण वाडीत कुणी विचारलं तर मला उत्तर देता येईल.